४ मिनिटं ४८ सेकंद

पॅप स्मिअरचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की तुम्ही काय करता? पोर्टलवरचा मेसेज उघडता, तो एक शब्द वाचता, फोन पर्समध्ये टाकता आणि मुलीला भरतनाट्यमच्या क्लासला सोडायला निघता. तो शब्द कोणी लिहिला, काय पाहून लिहिला, किती वेळ पाहून लिहिला, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. घराच्या कर्जाचे कागद तीनदा वाचणारे आपण, इंडियन स्टोअरच्या पावतीत कोथिंबिरीची जुडी दोनदा लागली तर गाडी वळवून परत जाणारे आपण, इथे मात्र एका शब्दावर समाधानी असतो.

तो शब्द मी लिहिते. म्हणजे माझ्यासारख्या बायका आणि थोडे पुरुष लिहितात. आम्हाला सायटोटेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. न्यू जर्सीत मी चोवीस वर्षं हे काम केलं, आणि आमच्या मंडळाच्या गणपतीत कोणी “तुम्ही काय करता?” विचारलं की “लॅबमध्ये आहे” म्हणून विषय संपवत आले. आज संपवणार नाही. पुरुष वाचकांनीही इथेच थांबू नये, कारण घरातल्या इन्शुरन्सचे आणि डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचे निर्णय बऱ्याच घरांत तुम्हीच घेता.

आधी काम काय आहे ते सांगते. गर्भाशयाच्या मुखावरून ब्रशने पेशी घेतात, त्या काचेच्या पट्टीवर पसरतात, रंगवतात. वरच्या थरातल्या पेशी गुलाबी-नारिंगी दिसतात, त्याखालच्या निळसर-हिरव्या. जुन्या पद्धतीच्या एका स्लाइडवर लाखाच्या घरात पेशी असू शकतात. हल्ली द्रवात नमुना घेऊन पातळ थर करतात, तेव्हाही त्या हजारोंनी असतात. त्या गर्दीत बिघडलेल्या पेशी कधी शेकडो असतात, कधी पंधरा-वीस. मोठं केंद्रक, त्याची वेडीवाकडी कड, गडद रंग, भोवती पेशीद्रव्य जेमतेम. तांदूळ निवडताना खडा पांढराच असेल तर काय होतं ते आठवा. त्यातून रक्त असेल, सूज असेल, मेनोपॉजनंतरची कोरडी स्लाइड असेल, तर सगळ्याच पेशी थोड्या थोड्या संशयित दिसतात. सर्वात फसवे असतात ते छोट्या गडद पेशींचे दाट पुंजके. निरुपद्रवी पुंजका आणि घातक पुंजका यांत कधीकधी इतकाच फरक असतो की एकावरून नजर पुढे सरकवत नाही आणि दुसऱ्यावरून सरकवते.

स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायची असते. शेत नांगरतात तशी: एक तास वर, एक तास खाली, आणि प्रत्येक तास आधीच्या तासावर थोडं चढलेलं, म्हणजे मधली पट्टी सुटत नाही. संशय आला की मोठ्या भिंगाखाली घ्यायचं, शाईचा ठिपका द्यायचा. ठिपका दिलेली स्लाइड पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांकडे जाते.

आणि ठिपका न दिलेली?

ती कोणाकडेच जात नाही. हे तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. अमेरिकेत स्लाइडमध्ये काही वावगं दिसलं तर ती डॉक्टरांनी बघणं कायद्याने सक्तीचं आहे. काही दिसलं नाही तर सायटोटेक्नॉलॉजिस्टच रिपोर्ट देऊ शकते, आणि तीच देते. निगेटिव्ह स्लाइडपैकी किमान १० टक्के स्लाइड पुन्हा बघाव्या लागतात. बाकीच्यांवर एकाच माणसाची नजर पडलेली असते. विचार करा, चूक होऊन कोणाचा जीव जाईल अशी स्लाइड कोणती? जिच्यात दोष आहे, पण दिसला नाही, ती. आणि नेमकी तीच दुसऱ्या नजरेतून सुटते. ब्रिटनमध्ये निगेटिव्ह स्लाइडसुद्धा दुसऱ्या व्यक्तीने निदान भरभर तरी पाहायची पद्धत होती. अमेरिकेने दहावर एक इतकाच हिशोब ठेवला.

आता वेळ. कायदा म्हणतो, एका व्यक्तीने २४ तासांत १०० पेक्षा जास्त स्लाइड बघू नयेत, आणि त्या १०० ना किमान ८ तास लावावेत. भागाकार करा. ४८० मिनिटांना १०० स्लाइड, म्हणजे एकीला ४ मिनिटं ४८ सेकंद. नाव-नंबर जुळवणं, त्या बाईचा इतिहास वाचणं, निकाल टाइप करणं हे सगळं प्रत्यक्षात त्यातच उरकायचं.

हा आकडा आला कुठून? १९८७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये वॉल्ट बॉगडॅनिच या पत्रकाराने पॅप टेस्ट करणाऱ्या लॅबची लक्तरं वेशीवर टांगली. स्लाइडमागे पैसे, जितक्या जास्त तितकी कमाई, काही जण दुसरी नोकरी धरून रात्री उरलेल्या स्लाइड बघायचे, काही तर घरी घेऊन जायचे. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी काँग्रेसने लॅबसाठीचा कायदा केला. आम्ही त्याला ‘क्लिया’ म्हणतो. विस्कॉन्सिनमध्ये दोन तरुण स्त्रियांच्या स्लाइड चुकीच्या वाचल्या गेल्या होत्या. तिथे १९९५ मध्ये लॅबवर थेट मनुष्यवधाचा आरोप ठेवला गेला. त्या अंदाधुंदीच्या मानाने १०० ची मर्यादा हा मोठा सुधार होता, हे मी नाकारत नाही.

पण नियमात त्या आकड्याशेजारीच एक वाक्य आहे. १०० ही अगदी शेवटची हद्द आहे, कोणाच्याही कामाचं उद्दिष्ट म्हणून ती वापरायची नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रत्येक स्क्रीनरची मर्यादा तिच्या कामाचा दर्जा पाहून सुपरवायझरने वेगळी ठरवायची आणि दर सहा महिन्यांनी तपासायची, असंही आहे. मी काम केलेल्या एका लॅबमध्ये कॉफी मशीनच्या वर पांढरा फळा होता. त्यावर आमची नावं आणि समोर रोजचे आकडे. ९६, ९८, १००. ज्या मैत्रिणीचे ७० असायचे, तिच्या नावाखाली कोणीतरी हसरा चेहरा काढायचा, उलटा. तिने वर्षभरात किती ठिपके बरोबर दिले, याचा फळा नव्हता. रस्त्यावर ६५ मैलांची पाटी असते तेव्हा ६० ने जाणाऱ्याला कोणी दंड करत नाही. आमच्याकडे सगळा दंड ६० ने जाणाऱ्यालाच.

याच सरकारने आमच्यासाठी दरवर्षीची परीक्षाही ठेवली आहे. त्या परीक्षेत १० स्लाइड असतात आणि वेळ असतो २ तास. म्हणजे एका स्लाइडला १२ मिनिटं. आम्हाला स्लाइड वाचता येते की नाही हे ठरवायला १२ मिनिटं, आणि तुमच्या शरीरातलं खरं काय ते ठरवायला ४ मिनिटं ४८ सेकंद. इतक्या वर्षांत या विसंगतीवर एकाही वरिष्ठाने मला सरळ उत्तर दिलेलं नाही.

“पण आता मशीन बघतं ना?” हा प्रश्न मला आयटीवाल्यांकडून हमखास येतो. हो, बघतं. २००३ मध्ये अमेरिकेत एका इमेजिंग यंत्राला परवानगी मिळाली. ते स्लाइड स्कॅन करतं आणि २२ जागा निवडून देतं. आम्ही त्या २२ जागा बघायच्या. तिथे काही दिसलं तर पूर्ण स्लाइड बघायची, नाही दिसलं तर निगेटिव्ह म्हणून मोकळं व्हायचं. यंत्र वाईट नाही. दुपारी तीन वाजता माझे डोळे जड होतात, त्याचे होत नाहीत. माझा राग त्यानंतर जे झालं त्यावर आहे. यंत्राने वाचवलेला वेळ तुमच्या स्लाइडला मिळायला हवा होता. तो मिळाला उत्पादनाला. फक्त २२ जागा पाहिल्या तर हिशोबात ती अर्धी स्लाइड धरतात. म्हणजे १०० ची मर्यादा न मोडता दिवसाला २०० स्त्रिया नजरेखालून जाऊ शकतात. शेवटी अमेरिकेतल्या सायटोपॅथॉलॉजीच्या व्यावसायिक संस्थेनेच सांगितलं, यंत्राच्या मदतीने बघतानाही दिवसाची सरासरी ७० च्या वर नेऊ नका. ती शिफारस राहिली, कायदा तसाच राहिला. २०२४ मध्ये एआय वापरणाऱ्या डिजिटल पद्धतीलाही मंजुरी मिळाली आहे. तिचा वेळ कोणाच्या खिशात जाणार, हे तुम्ही आत्ताच विचारलेलं बरं.

आता आयर्लंडकडे वळते, कारण तिथल्या बायकांच्या स्लाइड इथे, अमेरिकेत, वाचल्या जात होत्या. २००८ मध्ये आयर्लंडने स्मिअर वाचायचं काम बाहेर दिलं. नमुने अटलांटिक ओलांडून येऊ लागले. काही आमच्या न्यू जर्सीतल्या टेटरबरोला, काही टेक्सासला. व्हिकी फेलन या बाईंची २०११ ची स्लाइड टेक्सासच्या लॅबने निगेटिव्ह दिली. २०१४ मध्ये त्यांना कॅन्सर निघाला. जुनी स्लाइड पुन्हा तपासली गेली, पहिला निकाल चुकल्याचं दिसलं, आणि ही गोष्ट त्यांना कळली २०१७ मध्ये. एप्रिल २०१८ मध्ये लॅबने २५ लाख युरोंवर तडजोड केली, जबाबदारी मान्य न करता. गुप्ततेच्या करारावर सही करायला त्यांनी नकार दिला, म्हणून तर जगाला कळलं. मग अशा २२१ स्त्रिया असल्याचं बाहेर आलं. चौकशी करणाऱ्या डॉ. गेब्रिएल स्कॅली यांना पुढे असंही आढळलं की ठरलेल्या लॅबपलीकडे, पार होनोलुलुपर्यंत, स्लाइड गेल्या होत्या आणि ते आयरिश आरोग्यखात्यालाही माहीत नव्हतं. व्हिकी फेलन नोव्हेंबर २०२२ मध्ये गेल्या.

या प्रकरणाने एक जुना कायदेशीर शब्दप्रयोग पुन्हा वर आणला: ‘पूर्ण खात्री’. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये केंटच्या रुग्णालयात ९१,००० स्मिअर पुन्हा तपासावे लागले होते, त्यातून झालेल्या खटल्यात न्यायालयाने ही कसोटी वापरली: स्क्रीनरला पूर्ण खात्री असल्याशिवाय तिने स्लाइड निर्दोष म्हणू नये. रूथ मॉरिसी यांच्या खटल्यात आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०२० मध्ये तीच उचलून धरली. डॉक्टरांच्या संघटना ओरडल्या, की असं असेल तर स्क्रीनिंग चालवणंच अशक्य होईल. मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. खात्री नसेल तर ‘नॉर्मल’ म्हणू नये, यात जगावेगळं काय आहे? प्रश्न असा, की ४ मिनिटं ४८ सेकंदांत ‘पूर्ण खात्री’ मागणारा आणि तेवढाच वेळ देणारा, दोघंही एकाच व्यवस्थेचे. मधे सापडते ती मायक्रोस्कोपवर वाकलेली बाई, आणि तिच्याखाली काचेवर असलेली बाई. खटला मात्र नेहमी पहिलीच्या नजरेवर चालतो. फळा कोणी लावला, हे कोर्टात फारसं कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं आता इतिहासजमा. एचपीव्हीची चाचणी आली, स्लाइडचे दिवस संपले. अर्धं खरं आहे. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या अखेरीस, इंग्लंडने २०१९ मध्ये, आयर्लंडने २०२० मध्ये आधी विषाणू तपासायचा आणि तो सापडला तरच स्लाइड बघायची, अशी पद्धत घेतली. आणि या बदलामागचा एक मोठा पुरावा कुठून आला माहीत आहे? उस्मानाबादहून. आजच्या धाराशिवहून. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तिथल्या खेड्यांतल्या १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास केला. काही गावांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि काही गावांत नेहमीचीच, म्हणजे जवळपास नसलेली, सोय. त्या शेवटच्या गटावरून नैतिकतेचे प्रश्न उपस्थित झाले आणि ते व्हायलाच हवे होते. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, काहीही न केलेल्या गटात ६४. स्मिअरच्या गटात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

माझ्या व्यवसायातल्या लोकांना हा अभ्यास ऐकायला आवडत नाही. पण नीट बघा. त्या बायकांची तपासणी आयुष्यात एकदाच झाली होती. पॅप स्मिअरचं सगळं बळ पुन्हा पुन्हा करण्यात आहे. एका वेळी ब्रशला बिघडलेल्या पेशी लागल्याच नाहीत, किंवा माझ्यासारखीच्या नजरेतून सुटल्या, तरी हा आजार बहुधा वर्षानुवर्षं रेंगाळत वाढतो, म्हणून तीन वर्षांनी सापडायची संधी असते. ज्या देशांत या टेस्टने मृत्यू कमी केले, तिथे ते एका हुशार स्लाइडने केले नाहीत, लागोपाठच्या पाच-सहा स्लाइडने केले. म्हणून “पुण्याला असताना एकदा केली होती, नॉर्मल होती” हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. एचवन ते ग्रीन कार्ड, नोकरी बदलली, इन्शुरन्स बदलला, दोन मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. या धावपळीत बारा-पंधरा वर्षं सहज जातात. आखातातल्या मैत्रिणींचं तर आणखीच अवघड, कुटुंबाच्या व्हिसावरच्या विम्यात ही टेस्ट बसते की नाही हे त्या विचारतसुद्धा नाहीत.

आणि स्लाइडचे दिवस संपलेले नाहीतच. अमेरिकेत नुसता पॅप, किंवा पॅप आणि एचपीव्ही एकत्र, अजूनही चालतात. जिथे आधी एचपीव्ही करतात तिथेही विषाणू सापडलेल्या स्त्रीची स्लाइड माणसालाच वाचावी लागते. ती जास्त धोक्याची, म्हणजे तिला जास्त वेळ हवा. कमी स्लाइड आल्या की लॅब मात्र बंद होतात, एकत्र होतात, नमुने शेकडो मैल प्रवास करतात, आणि नवीन पोरं या पेशात यायची थांबतात.

तर मग तुम्ही काय करायचं? मला सर्वात जास्त चीड येते ती आपल्याच फॉर्म भरण्याची. डॉक्टरांच्या फॉर्मवर प्रश्न असतात: शेवटची पाळी कधी, आधी कधी पॅप बिघडला होता का, संबंधानंतर रक्तस्राव होतो का. आपल्या बायका तिथे सरसकट ‘नाही’वर खूण करतात. नवरा शेजारी बसलेला असतो, किंवा मुलगी दुभाषी म्हणून आलेली असते, लाज वाटते. मी चोवीस वर्षं ते फॉर्म वाचले आहेत. मघाशी सांगितलेले १० टक्के आठवा: त्यांत जोखमीचा इतिहास असलेल्या स्त्रियांच्या स्लाइड घ्याव्याच लागतात. पण तो इतिहास आम्हाला कळला तर. तुम्ही खरं लिहिलंत, तर तुमच्या स्लाइडवर दुसरी नजर पडायची शक्यता वाढते. खोटी खूण केलीत, तर ती संधी तुमच्याच हाताने गेली. आणि रक्तस्राव होत असेल, पाळी गेल्यानंतर डाग पडत असेल, तर नॉर्मल पॅप हातात धरून गप्प बसायचं नाही; ही टेस्ट लक्षणं नसलेल्यांसाठी आहे, लक्षणं असलेल्या बाईला डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायला हवं.

डॉक्टरांना विचारा, माझा नमुना कुठली लॅब वाचते, एचपीव्ही सोबत केली का. ते वैतागले तर वैतागू देत. तुमच्या काँग्रेसच्या प्रतिनिधीला इमिग्रेशनसाठी जशी पत्रं लिहिता, तसं एक पत्र या १०० च्या आकड्यावरही लिहा. १९८८ च्या कायद्यातून आलेली ती मर्यादा अजून तशीच आहे, आणि मतदार म्हणून आपण आता या देशात पाहुणे राहिलेलो नाही.

एक शेवटची माहिती, कारण ती कोणी आपणहून देत नाही. अमेरिकेत तुमची स्लाइड रिपोर्ट आल्यावर फेकली जात नाही, लॅबला ती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. नव्याने गंभीर बिघाड सापडला, तर लॅबने तुमच्या मागच्या पाच वर्षांच्या निगेटिव्ह स्लाइड काढून पुन्हा बघायच्या असतात, आणि आजच्या उपचारावर परिणाम करणारी चूक आढळली तर तुमच्या डॉक्टरांना कळवून सुधारित रिपोर्ट द्यायचा असतो. डॉक्टरांना कळवायचं असतं, तुम्हाला नाही. म्हणून ते फेरतपासणीचं काय झालं हे तुम्ही डॉक्टरांना नाव घेऊन विचारायचं, आणि उत्तर लेखी मागायचं.